नाग नदी आणि दगडाखालचे भाडेकरू

आज भाची आणि तिच्या झूऑलॉजीच्या मैत्रिणींसोबत नदीतले किडे शोधत हिंडलो. सकाळी नागपूरजवळ कन्हान नदीच्या पात्रात, नाग नदी येऊन मिळते त्याच्या बऱ्याच वर. एक गोटा उलटला तर खाली मेफ्लाय या उडत्या किड्याची पिल्लं, पोटाच्या दोन्ही बाजूंना कल्ले फडफडवत. बाजूलाच कॅडिसफ्लाय या पतंगासारख्या किड्याची अळी, वाळूचे कण रेशमी धाग्यानं जोडून केलेल्या नळीत. एवढं बारीक काम सोनारालाही जमायचं नाही! यांना पाण्यात भरपूर प्राणवायू लागतो. तो घटला की हेच आधी नाहीसे होतात.

दुपारी नागपूर शहरातल्या नाग नदीवर. नाकाला रुमाल. चाळणीत काळा गाळ, त्यात गांडुळासारखे बारीक ट्युबिफेक्स किडे आणि कायरोनोमस या डासासारख्या किड्याच्या लालभडक अळ्या. त्यांचा लाल रंग हिमोग्लोबिनचा, आपल्या रक्तात असतं तेच. म्हणून जवळपास प्राणवायू नसलेल्या गाळातही तग धरतात. मला तर त्यांचं कौतुकच वाटलं.

पुलावरून एक काका ओरडले, "काय मासोळ्या पकडून राहिले का जी?"

पाणी किती स्वच्छ ते ओळखायला किड्यांच्या कुळांना १ ते १० गुण देतात; जितकं स्वच्छ पाणी लागतं तितके जास्त गुण. मेफ्लायच्या बहुतेक कुळांना १०, कायरोनोमसच्या कुळाला २, ट्युबिफेक्सच्या गटाला १. तपासायला बाटलीत भरलेलं पाणी फक्त त्या घटकेचं सांगतं. हे किडे तिथेच आठवडे-महिने राहतात, रात्री गुपचूप सोडलेलं सांडपाणीही त्यांना सोसावं लागतं.

लवा गावच्या टेकड्यांत नाग नदीच्या उगमापाशी काय सापडेल? थंडीत जायचा बेत आहे. गमबूट कोणाकडे आहेत का?