गंजलेला पार्ट ठेवायचा की बदलायचा?

जुनी गाडी पुन्हा चालती करायला घेतलेला जवळजवळ प्रत्येक जण मला हे विचारतो, आणि सोबत फोटो असतोच. कधी तांबडालाल पडलेला एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, कधी पांढरी पूड धरलेला कार्बोरेटर, कधी गंजाचे पापुद्रे सुटलेला वॉटर पंप. "हे वाचेल, की नवंच टाकू?" फोटोवरून सांगता येत नाही म्हटलं की लोकांना वाटतं, हा टाळतोय. टाळत नाही हो. गंज किती दिसतोय याला फारसा अर्थ नसतो. तो कुठल्या तोंडावर बसलाय आणि त्या तोंडाचं काम काय, यावर सगळं ठरतं.

मॅनिफोल्डचंच घ्या. जाड बिडाचा तो तुकडा वर्षानुवर्षं तापतो आणि निवतो, मग बाहेरून तांबडा होणारच. वायर ब्रश मारा, उष्णता सोसणारा रंग द्या, विषय संपला. हेडला, म्हणजे सिलिंडरांवरच्या झाकणाला, टेकणारी त्याची बाजू सपाट आहे का आणि कुठे तडा गेलाय का, एवढंच बघायचं. आता याउलट क्रँकशाफ्ट. त्याच्या जर्नलवर, म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या गुळगुळीत भागावर, सुईच्या टोकाएवढे चार खड्डे असतील तर फोटोत ते दिसणारही नाहीत. पण तिथे बेअरिंग आणि धातू यांच्यामध्ये असतो तो तेलाचा अगदी पातळ थर. नख फिरवल्यावर खड्डा लागला तर जर्नल ग्राइंड करून घ्यायचा आणि त्या मापाचं अंडरसाइज बेअरिंग टाकायचं. पॉलिश पेपर फिरवून भागवायचा मोह तिथे आवरा.

सगळ्यात जास्त विचारणा बोअरची, म्हणजे पिस्टन ज्यात वर-खाली होतो त्या सिलिंडरच्या भोकाची, होते, कारण बरीच वर्षं उभी असलेली गाडी बहुधा जाम झालेली असते. इंजिन कुठेही थांबलं तरी एखाददुसरा व्हॉल्व्ह उघडा राहतो. तिथून दमट हवा आत जाते आणि पिस्टन रिंग बोअरला गंजून चिकटते. अशा वेळी स्टार्टर मारू नका आणि लांब पाइप लावून क्रँकही फिरवू नका. रिंग तुटते, नाहीतर पिस्टनचा काठ जातो. स्पार्क प्लग काढून प्रत्येक बोअरमध्ये गंज सोडवणारं तेल ओता आणि थांबा. रोज थोडं ओता, फ्लायव्हील (क्रँकच्या टोकाचं जड चाक) दोन्हीकडे जरासं हलवून बघा. एका दिवशी ते केसभर हलतं.

हेड काढलं की जिथे रिंग बसली होती तिथे बोअरवर काळपट पट्टा दिसतो. नुसता डाग असेल तर होनिंगने, म्हणजे बारीक दगडांनी आतून घासून, जातो. खड्डे असतील तर ते कुठे आहेत ते बघा. रिंगच्या फिरण्याच्या पट्ट्याबाहेर असतील तर मी ते सोडून देतो. आत असतील, विशेषतः वरच्या बाजूला, तर बोअरिंग करून, म्हणजे भोक मोठं करून, २० किंवा ३० थाउ (इंचाचा हजारावा भाग) ओव्हरसाइज पिस्टन टाकणं आलं. भिंत तेवढी जाड उरली नसेल तर स्लीव्ह, म्हणजे बोअरमध्ये ठोकून बसवलेली नवी नळी. स्लीव्ह म्हटलं की लोक उगाच नाक मुरडतात. नीट बसवलेली स्लीव्ह बोअर मूळ मापावर आणते, आणि गाडीचा नंबर असलेला ब्लॉक, म्हणजे इंजिनचा मुख्य सांगाडा, तोच राहतो. ब्लॉक बदलणं हा माझ्या लेखी अगदी शेवटचा उपाय.

बिडाच्या ब्लॉकवर ॲल्युमिनियमचं हेड असेल तर गोष्ट वेगळी. दोन धातू आणि मध्ये थकलेलं कूलंट म्हणजे बॅटरीच झाली, आणि त्यात झिजतं ते ॲल्युमिनियम. पाण्याच्या भोकांच्या कडा कुरतडल्यासारख्या होतात. तिथे टोकदार स्क्रायबर घेऊन हळूच खरवडा. पांढरी पूड निघत राहते, आणि वरून उथळ वाटलेला खड्डा खोल होत जातो. चकचकीत धातू लागेपर्यंत खरवडल्याशिवाय निर्णय घेऊ नका. मग हेड गॅस्केट त्यावर ठेवून बघा. खड्डा सिलिंडरभोवतीच्या कड्यापासून लांब असेल तर धातूची पूड घातलेलं इपॉक्सी चालून जातं. कड्याखाली शिरला असेल तर टिग वेल्डिंगने भरून फेसिंग (मशीनवर घासून सपाट) करावं लागतं. पण हेड आधीच कितीदा घासलं गेलंय ते मोजा. कमीत कमी जाडी मॅन्युअलमध्ये दिलेली असते आणि तिच्याखाली जाता येत नाही. हेड फार तापून गेलेलं असेल तर धातू मऊ पडलेला असतो, म्हणून वेल्डिंगवर पैसे घालण्याआधी हार्डनेस तपासून घ्या.

हेड मुळात निघायला तर हवं! ट्रायम्फ स्टॅग ही जुनी ब्रिटिश गाडी या बाबतीत बदनाम आहे. तिच्या व्ही-८ मध्ये हेड काही बोल्टवर आणि काही तिरक्या स्टडवर (डोकं नसलेल्या, आटे पाडलेल्या दांड्यांवर) बसवलंय. स्टड ॲल्युमिनियममध्ये गंजून धरले की हेड कुठल्याच दिशेला सरकत नाही. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, त्यामुळे स्टड भोकात ठासल्यासारखा बसतो. उपाय उष्णतेचा. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं, म्हणून स्टड नव्हे, त्याच्याभोवतीचं हेड तापवा. स्टड तुटून बुडखा वर उरला असेल तर त्यावर नट ठेवून आतून वेल्ड करा. लाली गेली की मेणबत्ती टेकवा. मेण वितळून आट्यांमध्ये ओढलं जातं. मग पाना लावून आठवा हिस्सा पुढे, तेवढाच मागे. करकर आवाज आला की थांबा, पुन्हा मेण लावा. आटे गेलेच तर थ्रेड इन्सर्ट, म्हणजे भोकात बसणारे तयार पोलादी आटे, बसवा. तो ॲल्युमिनियमच्या मूळ आट्यांपेक्षा मजबूतच असतो.

काही गोष्टींत मात्र मी विचारच करत नाही. ब्लॉकच्या बाजूला पाण्याच्या जागेवर बसवलेले पत्र्याचे गोल प्लग असतात, ते सगळे बदलायचे. बाहेरून रंग शाबूत दिसतो, पण ते आतून कुजतात. स्क्रूड्रायव्हरने टोचलं तर आरपार जातो. एक गळला म्हणजे बाकीचेही तेवढेच म्हातारे. प्लग काढल्यावर त्या भोकातून तार घालून ब्लॉकच्या तळाचा, विशेषतः मागच्या सिलिंडरभोवतीचा, तांबडा गाळ खरवडून काढा. तो ठेवलात तर नवा रेडिएटरही गाडीला थंड ठेवू शकणार नाही.

कनेक्टिंग रॉडचे आणि हेडचे बोल्ट गंजले असतील तर तेही नवेच. ॲसिडमध्ये बुडवून चकचकीत केलेला हाय-टेन्साइल (जास्त ताण सोसणारा) बोल्ट हायड्रोजन शोषून ठिसूळ होऊ शकतो आणि काही न सांगता तुटतो. वॉशिंग सोडा आणि बॅटरी चार्जर वापरून गंज काढायची पद्धत साध्या लोखंडी भागांना छान आहे. पण ती मोकळ्या हवेत करा, त्यात ॲल्युमिनियम बुडवू नका, आणि चार्जरच्या दुसऱ्या टोकाला स्टेनलेस स्टील लावू नका. त्यातून क्रोमियमचे विषारी क्षार पाण्यात उतरतात.

वॉटर पंपाची बॉडी बहुधा वाचते. शाफ्ट, बेअरिंग, सील आणि पातळ झालेलं इम्पेलर (पाणी ढकलणारा पंखा) बदलायचं. कार्बोरेटरचंही तसंच. जस्ताच्या मिश्रधातूवरची पांढरी पूड साफ होते, जेट आणि नीडल नवे घ्यायचे. थ्रॉटल शाफ्टचं भोक सैल झालं असेल तर बुशिंग करून, म्हणजे त्यात नवी बारीक नळी बसवून, घ्या.

आणि नवा पार्ट हातात येऊन मोजून होईपर्यंत जुना भंगारात टाकू नका. जुन्या गाड्यांसाठी आज बनणारे काही पार्ट उत्तम असतात. काहींची भोकं जुळत नाहीत, काहींचं ओतकाम सच्छिद्र निघतं. अशा वेळी गंजका मूळ पार्ट दुरुस्त करणंच शहाणपणाचं ठरतं.

हे सगळं करून कूलंट जुनंच भरलंत तर गंज परत येणार. निम्मं डिस्टिल्ड पाणी आणि निम्मं ग्लायकॉल ठेवा. डाग देऊन (सोल्डरने) जोडलेला पितळी रेडिएटर असेल तर जुन्या पद्धतीचं सिलिकेट असलेलं घ्या आणि दोन वर्षांनी बदला, कारण ग्लायकॉल टिकलं तरी गंजरोधक रसायनं संपलेली असतात. एक तपासणी फार कमी लोक करतात. इंजिन गार असताना रेडिएटरचं झाकण उघडा. व्होल्ट मोजायला लावलेल्या मल्टिमीटरचं एक टोक धातूला न लावता कूलंटमध्ये बुडवा, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला लावा, आणि आधी सगळं बंद ठेवून, मग दिवे, पंखा एकेक चालू करून आकडा बघा. एखादी गोष्ट चालू केल्यावर तो चढला तर तिचा करंट कूलंटमधून वाट काढतोय. आधी इंजिन आणि बॉडीमधली अर्थिंगची वायर सोडवा आणि तिची दोन्ही टोकं उघडा धातू दिसेपर्यंत घासा.