मोडीत गेलेली चांदी

आमच्या गावाहून खामगाव तासाभराच्या अंतरावर आहे, आणि चांदी घ्यायची तर खामगावचीच, असे घरातली जुनी माणसे आजही म्हणतात. त्यामुळे पंधराव्या-सोळाव्या शतकातील युरोपच्या चांदीच्या अवशेषपात्रांविषयी वाचू लागलो, तेव्हा त्यांची छायाचित्रे मोबाइलवर घेऊन मी सर्वांत आधी आमच्या ओळखीच्या सोनारकाकांकडे गेलो. संतांची हाडे, दात, वस्त्राचे तुकडे ज्यांत जपून ठेवले जात, ती ही पात्रे. नागपूरच्या दीक्षाभूमीवरील अस्थिकलश ज्यांनी पाहिला आहे, त्यांना त्यामागची भावना समजावून सांगावी लागणार नाही.

रोममधील 1215 च्या धर्मपरिषदेने जुने अवशेष पात्राबाहेर काढून दाखवण्यास मनाई केली होती. मग अवशेष झाकलेलाही राहावा आणि भाविकाला दिसावाही, ही अडचण कारागिरांनी स्फटिकाची नळी किंवा लहानशी खिडकी बसवून सोडवली. काही पात्रांना थेट हाताचा, पावलाचा किंवा मस्तकाचा आकार दिला जाई. चांदीचा हात पाहिला की आत हाताचेच हाड असेल असे वाटते, पण तसे प्रत्येक वेळी नसे; आशीर्वाद देताना उचलून धरायला तो आकार सोयीचा होता, हेही खरे. फ्लॉरेन्सच्या बाप्तिस्मागृहासाठी 1457 ते 1459 या काळात घडवलेल्या चांदीच्या क्रूसात येशूच्या क्रूसाचा मानला जाणारा लाकडाचा तुकडा आहे. त्या कामात अंतोनियो देल पोल्लायुओलो होता, जो पुढे चित्रकार आणि शिल्पकार म्हणून नावारूपाला आला.

काकांनी चष्मा कपाळावर सरकवला, एका मस्तकपात्राचे चित्र बोटांनी मोठे केले, आणि कानामागच्या केसांवर थांबून म्हणाले, "हे त आपल्या टाकाचंच काम हाये गा." देवघरातला टाक घडवताना पत्रा राळेवर बसवतात, मागून ठोकून उठाव आणतात, मग पालथा करून बारीक ठशांनी नाक-डोळे काढतात, ठोकून चांदी ताठरली की तिला पुन्हा ताव द्यावा लागतो. युरोपातल्या सोनारांची रीतही मुळात हीच होती. फरक एवढाच, की मस्तकासारखे मोठे काम अनेक पत्र्यांचे असे आणि ते डाख लावून जोडावे लागे. शुद्ध चांदी मऊ पडते, म्हणून तीत थोडे तांबे मिसळत. शुद्ध चांदीचा अभिमान बाळगणाऱ्या खामगावकरांना हे रुचणार नाही. वरचा सोनेरी मुलामा सोने पाऱ्यात कालवून लावत आणि तापवून पारा उडवून देत. ते ऐकून काका गंभीर झाले. त्या वाफेने किती कारागिरांची प्रकृती गेली असेल, याचा हिशेब कुठल्याही संग्रहालयाच्या पाटीवर नसतो.

इतके घडवूनही यातले फारच थोडे उरले. जर्मनीतल्या सॅक्सनीचा राजपुत्र फ्रेडरिक, ज्याला सम्राट निवडण्याचा अधिकार होता, याच्या विटेनबर्गमधील अवशेषसंग्रहाची सूची 1509 मध्ये चित्रकार लुकास क्रानाखच्या लाकडी ठशांनी छापलेल्या चित्रांसह प्रसिद्ध झाली. तीत 5005 अवशेष आणि शंभराहून अधिक पात्रे होती. त्याच गावात 1517 मध्ये धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने पैसे घेऊन पापक्षमा देण्याच्या व्यवहाराविरुद्ध आवाज उठवला, आणि फ्रेडरिकच्या मृत्यूनंतर, म्हणजे 1525 नंतर, ती चांदी आटवली गेली. त्या संग्रहातला संत एलिझाबेथचा मानला जाणारा एक पेला मात्र वाचला. तो पुढे खुद्द ल्यूथरकडे आला आणि आज कोबुर्गच्या किल्ल्यात आहे. तो काचेचा आहे. काच आटवून कोणाच्या पदरात काही पडत नाही. चांदीचा मात्र नाणे होण्याचा रस्ता कायम उघडा असतो. इंग्लंडमध्ये आठव्या हेन्रीच्या काळात मठांतली चांदी याच रस्त्याने गेली.

हे वाचताना मला आजीची सरी आठवत राहिली. एका वर्षी कापूस हातचा गेला, तेव्हा वडिलांनी ती आणि तिच्यासोबतचे गोठ एका पेढीवर मोडीत दिले. देवघरातल्या टाकांना मात्र हात लावला नाही. सरीच्या टोकांवर बोटाएवढ्या जागेत कोरलेली वेल होती. ती पावती अजून घरात आहे. तिच्यावर वजन आहे, घट आहे आणि भाव आहे. वेलीचा उल्लेख नाही.