दहा शनिवार, पाच किलोमीटर आणि नैऋत्येचा वारा

बेळगावच्या व्हॅक्सिन डेपोच्या झाडीत शनिवारी सकाळी धावायला भेटणाऱ्या आमच्या मंडळींनी मला इंग्लंडच्या प्रवासासाठी निरोप देताना एकच अट घातली होती: परत आल्यावर फोटो दाखवले नाहीत तरी चालेल, पण वहीतले आकडे दाखवायचे. ती वही आता समोर आहे. तिच्यात मे महिन्याच्या पहिल्या शनिवारपासून जुलैच्या सुरुवातीपर्यंतचे दहा शनिवार आहेत. त्यांपैकी सात धावण्याचे, दोन चालण्याचे आणि एक घरी पाय वर करून बसण्याचा आहे.

ज्यांना माझी आधीची स्थिती ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. माझे वय ५६ आहे, मी शाळेतून निवृत्त होऊन टिळकवाडीत राहते आणि तीन वर्षांपासून धावते. डेपोच्या झाडांखालच्या तांबड्या वाटेवर घड्याळात ५ किलोमीटर पुरे होईपर्यंत मला साधारण ४१ मिनिटे ३० सेकंद लागत असत. या आकड्यात एक गफलत होती, ती पुढे येईल.

मुलगी आणि जावई इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर पोर्ट्समथ येथे राहतात. त्या शहराच्या समुद्राकडच्या भागाला साउथसी म्हणतात आणि तेथील किनाऱ्यालगतच्या पक्क्या वाटेवर दर शनिवारी सकाळी नऊ वाजता पार्करन असते. ५ किलोमीटर अंतर, शुल्क काही नाही, एकदाच नाव नोंदवून मिळालेला बारकोड दर वेळी सोबत न्यायचा, एवढीच त्याची रीत. पळा, चाला किंवा बाळगाडी ढकलत या, कोणी हरकत घेत नाही. या उपक्रमाची सुरुवात २ ऑक्टोबर २००४ रोजी लंडनमधल्या बुशी पार्कमध्ये झाली. पॉल सिंटन-ह्युइट या धावपटूला दुखापतीमुळे स्वतः पळता येत नव्हते, म्हणून त्याने मित्रांसाठी वेळ लावून धाव ठेवली आणि पहिल्या दिवशी १३ जण धावले. त्या काळात क्रमांकाची टोकने म्हणून हार्डवेअरच्या दुकानातले साधे वॉशर वापरले जात, त्यांवर आकडे ठोकलेले असत. हे वॉशर ध्यानात ठेवावेत.

पहिल्या शनिवारी माझी सर्वांत मोठी अडचण समुद्राची किंवा थंडीची नव्हती, पोटाची होती. आपण सहाला एक कप चहावर पळतो. तेथे पाचला जाग आल्यावर नऊपर्यंतचे चार तास कसे काढायचे हेच कळेना. शेवटी साडेसहाला अर्धी दशमी आणि नंतर फक्त पाणी, हे गणित दुसऱ्या आठवड्यापासून बसले. नवख्यांना निघण्यापूर्वी वेगळे बोलावून वाट समजावून सांगतात, पण सांगणाऱ्या बाईंचे उच्चार माझ्या कानाला लागेनात. मुलगी म्हणाली, “आई, एवढेच लक्षात ठेव, डावीकडून पळायचे आणि शेवटी टोकन घेतल्याशिवाय हलायचे नाही.” वाट सरळ होती. समुद्राला समांतर पूर्वेकडे जायचे, टोकाशी वळायचे आणि त्याच वाटेने पश्चिमेला परत यायचे. चढ नाही, उतार नाही. वाळूही फारशी नाही, बहुतेक किनारा गोट्यांचा आहे. समोर आइल ऑफ वाइट बेट दिसते आणि त्या बेटाकडे जाणारे हॉवरक्राफ्ट, म्हणजे हवेच्या गादीवर तरंगत जाणारे वाहन, मोठा आवाज करीत निघते. आपल्याला समुद्र म्हणजे गोवा, कारवार किंवा वेंगुर्ला, त्यामुळे ओलसर उकाड्याऐवजी अंगाला झोंबणारा समुद्र प्रथमच भेटला.

वेळ ४० मिनिटे ६ सेकंद. वळणापर्यंत १८:५०, परतीला २१:१६. मी खूश झाले, घरी येऊन मंडळींना निरोपही पाठवला. समुद्रसपाटीवर हवा दाट असते आणि बेळगाव साधारण अडीच हजार फुटांवर आहे, म्हणून हा फरक पडला असावा, असा निष्कर्ष मी तेव्हा वहीत लिहिला आहे. तो आता अख्ख्या वाक्यासकट खोडलेला आहे.

कारण दुसऱ्या शनिवारी मी ४२:५१ घेतली. जाताना १८:२०, येताना २४:३१. जाताना पाय आपोआप पडत होते आणि आपण सुधारलो या आनंदात मी वेग वाढवीत राहिले. वळण घेतले आणि कोणीतरी छातीवर तळहात ठेवून मागे रेटावे तसे झाले. नैऋत्येचा वारा होता. जाताना तो पाठीशी होता म्हणून जाणवलाच नव्हता. पाठीचा वारा अंगाला लागत नाही, आपल्याला तो आपलाच जोर वाटतो, ही या वाटेवरची सर्वांत मोठी फसवणूक आहे. साउथ परेड पिअर हा समुद्रात शिरलेला जुना धक्का परतीच्या वाटेवर दिसू लागतो, पण त्या दिवशी तो कितीतरी वेळ जवळच येईना.

त्या रात्री जावयांनी कागदावर हिशेब मांडून दाखवला आणि तो आपल्या मंडळींसाठी येथे उतरवते. हवेचा विरोध हा वाऱ्याच्या सापेक्ष वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. मी ताशी साडेसात किलोमीटरने पळते. वारा पडलेला असेल तर हवा माझ्यावर साडेसातच्याच वेगाने येते. समोरून २० किलोमीटरचा वारा असेल तर ती साडेसत्तावीसने येते, आणि दोन्हींचे वर्ग करून भागाकार केला तर विरोध तेरापटींहून अधिक होतो. पाठीमागून तोच वारा असेल तर तो साडेबाराच्या वेगाने ढकलतो, म्हणजे मदत होते, पण समोरच्या नुकसानीच्या मानाने फारच थोडी. शिवाय समोरच्या वाऱ्यात आपण हळू चालतो, म्हणून त्यात जास्त वेळ राहतो. जाऊन-येऊनच्या वाटेवर वारा कधीच फिटंफाट होत नाही. तो काहीतरी कापूनच घेतो, आणि वेगाने पळणाऱ्या पोरांपेक्षा माझ्यासारखीकडून जास्त कापतो. “आई, तुम्ही वेळेच्या शेजारी वाऱ्याचा रकाना काढा,” असे ते म्हणाले. शाळेत आयुष्यभर रकाने आखले, हा एक राहिला होता.

तिसरा शनिवार माझ्या मते संपूर्ण वहीतला सर्वांत चांगला आहे, जरी वेळ ४१:५८ म्हणजे पहिल्या दिवसापेक्षा जवळजवळ दोन मिनिटांनी अधिक आहे. वारा आदल्या आठवड्याइतकाच होता. मी जाताना घड्याळाकडे पाहिले नाही आणि श्वासावर पळाले: तीन-चार शब्दांचे वाक्य सलग बोलता आले पाहिजे, ही आपली डेपोतली जुनी कसोटी. जाताना २०:०५, परतीला २१:५३. परतीला एका उंच आणि रुंद गृहस्थांच्या मागे दोन पावलांवर राहिले आणि त्यांच्या आडोशाने सुमारे एक किलोमीटर काढला. यात काही गैर नाही, सायकलवाले तर हेच करतात. शेवटी मी त्यांचे आभार मानले, तेव्हा त्यांना आधी काही उलगडले नाही, मग ते मोठ्याने हसले.

चौथ्या शनिवारी मी धावले नाही, स्वयंसेवक झाले. पार्करनमध्ये सगळ्यांच्या मागे चालणारा एक स्वयंसेवक असतो, त्यामुळे आलेल्यांपैकी कोणीही शेवटचे ठरत नाही. ते काम मी घेतले. तासाभराने शेवटच्या आजींबरोबर रेषेवर पोहोचले तेव्हा सामान आवरण्याच्या आधी निकाल कसा लागतो ते जवळून पाहता आले, आणि आपल्या उपयोगाचे सर्वांत जास्त तेथेच होते. एक जण हातातल्या फोनवर प्रत्येक माणूस रेषा ओलांडताच फक्त कळ दाबतो. कोण आले हे त्याला ठाऊक नसते, फक्त कितवे आणि किती वाजता. पुढे रांगेत दुसरा जण त्याच क्रमाने टोकने देतो. तिसरा माणसाचा बारकोड आणि टोकन एकापाठोपाठ स्कॅन करतो. वेळांची आणि टोकनांची अशा दोन याद्या क्रमांकावर जुळल्या की निकाल तयार होतो. म्हणूनच रेषेनंतर रांग मोडू देत नाहीत: एक जण टोकन न घेता सटकला तर त्याच्यामागच्या सगळ्यांच्या वेळा एकेक घर सरकतात. माणसे इतकी हसतमुख आणि त्या रांगेबाबत इतकी कडक, हे पाहून मला आमच्या शाळेतल्या परीक्षा विभागाची आठवण झाली.

पाचवा शनिवार: भुरभुर पाऊस, वारा जवळजवळ नाही, ३९:४०. पहिल्यांदा चाळीसच्या आत.

सहाव्या शनिवारी पोटरी धरली. दोष माझाच. डेपोतली माती पाय झेलते, ती डांबरी-काँक्रीटची वाट झेलत नाही, आणि मी आठवड्यातून चार दिवस तिच्यावरच सराव करीत होते. नंतर सरावाचे बहुतेक दिवस जवळच्या हिरवळीवर पळू लागले, तेव्हा दुखणे गेले. सातव्या शनिवारी पूर्ण वाट चालले. चालण्यालाही निकालात जागा असते आणि तीही इतरांसारखीच, त्यामुळे वेळ ५३ मिनिटे आली याचे काहीच वाटले नाही.

आठवा ३९:१२, नववा ४०:०३ (वाऱ्याच्या रकान्यात “जोरात” असे लिहिले आहे, म्हणून मी याला आठव्यापेक्षा वरचा मानते), दहावा ३८:३१. शेवटच्या दिवशी वारा मंद होता आणि परतीचा भाग जाण्यापेक्षा फक्त नऊ सेकंदांनी जास्त होता. निकालात वेळेच्या शेजारी वयोमानाची टक्केवारीही येते. आपल्या वयाच्या आणि लिंगाच्या सर्वोत्तम वेळेशी आपली वेळ ताडून ती काढतात, त्यामुळे तिशीतल्या मुलीशी स्वतःची तुलना करण्याचा मोह कमी होतो. माझी टक्केवारी दहा आठवड्यांत वाढली एवढेच लिहिते. २०२४ मध्ये पार्करनने आपल्या संकेतस्थळावरून वेगाचे विक्रम काढून टाकले तेव्हा अनेक जण नाराज झाले होते असे कळले. मला तो निर्णय पटतो, पण माझ्या वहीतून मी माझे आकडे काढणार नाही, हेही कबूल करते.

आता गफलतीविषयी. बेळगावला परतल्यावर पहिल्या आठवड्यात मी एका परिचित कंत्राटदारांकडून रस्ता मोजण्याचे चाक मागून आणले आणि आमच्यातल्या सत्तरी ओलांडलेल्या काकांना सोबत घेऊन डेपोतली आपली नेहमीची फेरी दोनदा मोजली. चाक म्हणते ११८० मीटर. घड्याळ म्हणते १२४० मीटर. दाट झाडांखाली उपग्रहाचा संदेश पानांत अडखळतो, घड्याळाची रेघ वाकडीतिकडी होते आणि प्रत्येक वाकडेपणा अंतरात मिळवला जातो. म्हणजे आम्ही तीन वर्षे ५ किलोमीटर म्हणून ४७६० मीटरच पळत होतो. काका चाकावर टेकून म्हणाले, “बाई, मग माझे ते अडतीस मिनिटांचे काय?” त्यांचे ते अडतीस मिनिटांचे गेले. माझेही ४१:३० गेले: त्याच गतीने खरे ५ किलोमीटर ४३:३७ मध्ये झाले असते. ज्याला मी तीन मिनिटांची सुधारणा समजत होते ती पाच मिनिटांची निघाली, त्यामुळे मला तक्रार नाही. काकांना आहे.

पावसामुळे डेपोतली वाट सध्या घसरडी आहे. मोजलेल्या ५ किलोमीटरना मला ४०:२० लागली, त्यातली वळणावरची सावधगिरीच मिनिटभराची असेल. म्हणून एक शनिवार बेळगावजवळच्या येळ्ळूर गावाच्या बाजूला शिवारातल्या पूर्व-पश्चिम गाडीवाटेवर काढला. दोन्हीकडे धूळवाफ, म्हणजे पावसाआधी कोरड्या मातीत, पेरलेले भात वीतभर वर आले आहे, आडोसा म्हणून काही नाही आणि आषाढातला पश्चिमेचा वारा साउथसीच्या वाऱ्याची आठवण करून देणारा आहे. या वेळी निघण्याची जागा मुद्दाम पूर्वेला घेतली, म्हणजे ताज्या पायांनी वारा तोंडावर घ्यायचा आणि थकल्यावर तो पाठीशी यावा. जाताना २१:४०, येताना १९:०५, एकूण ४०:४५. साउथसीच्या दुसऱ्या शनिवारी इतक्याच वाऱ्यात उलट्या क्रमाने मला दोन मिनिटे जास्त लागली होती. पावसाळा संपेपर्यंत आपण हीच दिशा ठेवावी असे माझे मत आहे.

निकालाची व्यवस्थाही सुरू केली आहे. खडेबाजारातल्या एका दुकानातून तीस मोठे वॉशर घेतले, लोहाराकडून त्यांवर एक ते तीस आकडे ठोकून घेतले आणि दोरीत ओवले. एक जण कळ दाबतो, एक जण वॉशर देतो, एक जण वहीत नाव आणि वॉशरचा आकडा लिहितो. मागच्या शनिवारी अकरा जण होते आणि शेवटून चालण्याचे काम काकांनी स्वतः मागून घेतले. याद्या पहिल्याच फटक्यात जुळल्या. फक्त सात नंबरचा वॉशर कोणाच्या तरी मुलाच्या खिशातून घरी गेला आहे. तो पुढच्या शनिवारी परत आणावा, कारण एकच आकडा पुन्हा ठोकून द्यायला लोहार तयार होत नाही.