म्हाताऱ्या माशीची चरबी मोजण्याआधी तिच्या पोटातले जिवाणू मोजा

आधी नावाचा घोळ मिटवू, कारण फळमाशी हे नाव दोन वेगळ्या माश्यांना लावतात. कोकणातल्या आंबाबागेत रक्षक सापळे टांगून पकडतात ती फळमाशी म्हणजे बॅक्ट्रोसेरा. तिचं कुळ वेगळं. इथे विषय आहे तो जास्त पिकलेल्या केळ्यांभोवती घोंघावणाऱ्या, लाल डोळ्यांच्या, तीनेक मिलिमीटरच्या चिलटाचा, म्हणजे ड्रोसोफिला मेलॅनोगॅस्टरचा.

लॅबमधल्या ड्रोसोफिलाच्या आतड्यात जिवाणूंच्या प्रजाती मोजक्याच असतात, साधारण ५ ते २०. त्यातही बहुतेक वेळा दोनच घराण्यांचं राज्य असतं: ॲसिटोबॅक्टर आणि लॅक्टोबॅसिलस. या पसाऱ्यात हात घालायची सोय होते ती एवढ्यासाठीच. माणसाच्या पोटातल्या शेकडो प्रजातींमध्ये कुणी काय केलं हे सांगणं महाकठीण. माशीत मात्र एकेक प्रजाती एकटी सोडून बघता येते.

तरुण माशीच्या चयापचयावर त्यांचा परिणाम बऱ्यापैकी स्पष्ट आहे. जिवाणूच नसलेल्या माशीत ट्रायग्लिसराइड, म्हणजे साठवणीची चरबी, वाढतं, ॲसिटोबॅक्टर परत दिला की उतरतं. त्यामागचा एक दुवा ॲसिटेटचा (व्हिनेगरातल्या आम्लाचं रूप) आहे. जिवाणूंनी तयार केलेलं ॲसिटेट आतड्यातल्या संप्रेरक स्रवणाऱ्या पेशींमधला आयएमडी हा प्रतिकारमार्ग जागा करतं, त्या पेशी टॅकिकायनिन हे संप्रेरक बनवतात आणि आतड्याच्या पेशींत चरबीचे थेंब साठत नाहीत. अळीच्या अवस्थेत हीच मंडळी वाढीला हातभार लावतात. २०११ मध्ये सोलच्या गटाने ॲसिटोबॅक्टर पोमोरमचा इन्सुलिन-मार्गाशी संबंध दाखवला. त्याच वर्षी फ्रान्समधल्या गटाने दाखवलं की यीस्ट कमी असलेल्या खाद्यावर लॅक्टोबॅसिलस प्लांटारम टॉर या, पोषण बघून वाढ ठरवणाऱ्या पेशीतल्या मार्गातून अळीची वाढ सावरतो.

मग म्हातारपणी हेच जिवाणू नडतात का? जिवाणूंना दोष देण्याआधी आतड्याची दारं बघावीत, असं आमचं ठाम मत आहे. माशीच्या मध्य-आतड्यात आम्ल स्रवणाऱ्या ताम्रपेशींचा एक पट्टा असतो. वय वाढतं तसा तो बिघडतो, आम्ल कमी होतं आणि एरवी तिथे मरणारे जिवाणू पुढे सरकून वाढतात. दुसरीकडे पीजीआरपी-एससी२ हे प्रथिन कमी पडतं. जिवाणूंच्या भित्तिकेचे तुकडे छाटून प्रतिकारयंत्रणेला शांत ठेवणं हे त्याचं काम. ते थांबलं की आतड्याच्या मूळपेशी बेसुमार विभागू लागतात. संख्या वाढल्यावर उपयोगी माणूसही डोईजड होतो, तसं इथे होतं: लॅक्टोबॅसिलस प्लांटारमने बनवलेलं लॅक्टेट (दह्यातल्या आम्लाचं रूप) साचलं की आतड्याच्या पेशी ते वापरताना नॉक्स एन्झाइमातून ऑक्सिजनचे घातक रेणू तयार करतात आणि आयुष्य घटतं (२०१८ चं काम).

हे स्वतः तपासायचं तर जिवाणूमुक्त माश्या लागतात. द्राक्षरस-अगारच्या प्लेटवर घातलेली १२ ते १६ तासांच्या आतली अंडी ब्रशने जाळीत गोळा करा, पाण्याने यीस्ट धुऊन काढा आणि साधारण २.५ ते ३ टक्के सोडियम हायपोक्लोराइटमध्ये (ब्लीच) २ मिनिटं हलवा. घड्याळापेक्षा सूक्ष्मदर्शकावर विश्वास ठेवा. अंड्याच्या एका टोकाला दोन बारीक शिंगांसारख्या नळ्या असतात. कवच सुटलं की त्या दिसेनाशा होतात, अंडं चकचकीत होतं आणि अंडी एकमेकांना चिकटू लागतात. तिथेच थांबा, जास्त वेळ ठेवली तर भ्रूण मरतात. मग ७० टक्के अल्कोहोलचा एक हात, निर्जंतुक पाण्याचे तीन, आणि लॅमिनार हूडमध्ये (गाळलेल्या हवेच्या कपाटात) निर्जंतुक खाद्यावर.

ब्लीचने वोल्बाकिया हा आईकडून पिल्लांत जाणारा जिवाणू जात नाही, कारण तो अंड्याच्या पेशीतच असतो. त्यासाठी आधीच्या पिढ्यांना टेट्रासायक्लिन हे प्रतिजैविक द्यावं लागतं. तेच औषध मायटोकॉन्ड्रियातलं (पेशीतल्या ऊर्जाकेंद्रातलं) प्रथिन बनवणंही अडवतं, म्हणून नंतर किमान दोन पिढ्या औषधाविना जाऊ द्या. नाहीतर चयापचयावर दिसणारा परिणाम जिवाणूंचा की औषधाचा, हे सांगता येणार नाही. शिवाय जिवाणूमुक्त अळ्या उशिरा मोठ्या होतात. दोन्ही गटांचं वय अंड्याच्या तारखेवरून नको, माशी कोषातून बाहेर पडली त्या दिवसापासून मोजा.

सगळ्यात जास्त प्रयोग बिघडतात ते बाटली बदलण्याच्या वेळापत्रकामुळे. हे जिवाणू आतड्यात जितके राहतात तितकेच खाद्यावर वाढतात. माशी विष्ठेतून ते टाकते आणि पुन्हा खाते. एक गट दर दोन दिवसांनी ताज्या खाद्यावर आणि दुसरा आठवड्याने हलवला, तर दोन्हींच्या पोटातली संख्या वेगळी होते. वयाचा परिणाम म्हणून जे छापलं जाईल, तो वेळापत्रकाचा असेल. खाद्यात बुरशी रोखायला घातलेली निपाजिन आणि प्रोपिओनिक आम्लही जिवाणू दाबतात, तेव्हा त्यांचं प्रमाण लिहून ठेवा. केळं-गुळाच्या खाद्यावरचे आकडे मका-यीस्टच्या आकड्यांशेजारी मांडू नका.

जिवाणूंची मोजणी सोपी आहे. ५ माश्या ७० टक्के अल्कोहोलमध्ये बुडवून वरचे जिवाणू काढा, ५०० मायक्रोलिटर बफरमध्ये मण्यांनी कुटा, दहापटीने पातळ करत एमआरएस अगारवर (जिवाणू वाढवण्याचं खाद्य) १० मायक्रोलिटरचे थेंब द्या आणि ३० अंशांवर दोन-तीन दिवस ठेवा. लॅक्टोबॅसिलसचे ठिपके पांढरट दिसतात, ॲसिटोबॅक्टरचे तपकिरीकडे झुकतात. खाद्याच्या पृष्ठभागाचा नमुनाही याच पद्धतीने लावा, ही पायरी सर्रास गाळली जाते.

चरबी मोजताना कुटलेला रस लगेच ७० अंशांवर १० मिनिटं ठेवा. नाहीतर माशीची स्वतःची लायपेज एन्झाइमं नळीतच चरबी खातात. नमुना घेण्याआधी सेंट्रिफ्यूज फिरवू नका, चरबी वर तरंगते आणि हातातून निसटते. चाचणी चरबीतून सुटलेलं ग्लिसरॉल मोजते, म्हणून आधीच मोकळं असलेलं ग्लिसरॉल वेगळं मोजून वजा करा. माद्यांच्या पोटातली अंडी चरबीने भरलेली असतात आणि वयानुसार अंडी घालणं कमी होतं. त्यामुळे फक्त माद्यांवरून निष्कर्ष काढू नका, नर वेगळे मोजा. आकडा दर माशीमागे आणि प्रथिनाच्या वजनामागे, दोन्ही द्या.

म्हाताऱ्या, म्हणजे २५ अंशांवर ४० ते ५० दिवसांच्या माश्यांसाठी आणखी एक चाळणी लावा. खाद्यात २.५ टक्के खाण्याचा निळा रंग क्रमांक १ मिसळून रात्रभर ठेवा. आतडं शाबूत असेल तर फक्त पोट निळं दिसतं, गळत असेल तर डोक्यापासून शेपटीपर्यंत माशी निळी होते. अशा माश्या थोड्याच दिवसांत मरतात आणि त्यांचं चयापचय पार वेगळं असतं. २०१५ मध्ये लॉस एंजेलिसच्या गटाने दाखवलं की आतडं गळण्याच्या आधीच जिवाणूंचा समतोल ढळतो आणि गळल्यावर पुन्हा निराळ्या तऱ्हेने ढळतो. म्हणून निळ्या आणि साध्या माश्या एकाच नळीत कुटू नका. सरासरीत दोन वेगळ्या अवस्था मिसळतात आणि त्यातून निघालेला आकडा कोणत्याच माशीचा नसतो.