खिशात नेमका एक फ्रँक

जॉर्ज ऑर्वेल यांचे ‘डाऊन अँड आऊट इन पॅरिस अँड लंडन’ हे स्वतःच्या गरिबीच्या दिवसांवरचे पुस्तक मी नुकतेच दुसऱ्यांदा वाचले. पहिल्या वाचनानंतर लक्षात राहिले होते ते पॅरिसच्या हॉटेलचे कोंदट तळघर आणि तिथे भांडी घासत राबणारी माणसे. या वेळी मात्र मी एका पावाच्या दुकानाशी थबकले. पाव एका फ्रँकला पाऊंडभर, आणि खिशात नेमका एक फ्रँक. आपल्या पुढे उभ्या गिऱ्हाइकासाठी कापलेला तुकडा वजनाला जास्त भरतो आणि दुकानातली मुलगी त्याला विचारते, दोन सू, म्हणजे थोडी फ्रेंच चिल्लर, जास्त पडले तर चालतील ना? हाच प्रश्न आपल्यालाही विचारला गेला तर, या भीतीने निवेदक पाव न घेताच पळ काढतो आणि नंतर कित्येक तास त्याला अशा दुकानात शिरण्याचा धीर होत नाही. भुकेइतकीच ही लाज माणसाला पोखरते, हे मला दारिद्र्यावरच्या कोणत्याही अहवालाने इतके स्पष्ट करून सांगितले नव्हते.

हे पुस्तक १९३३ साली प्रसिद्ध झाले. त्यावर एरिक ब्लेअर या खऱ्या नावाऐवजी ‘जॉर्ज ऑर्वेल’ हे नाव पहिल्यांदाच छापले गेले, आणि त्यामागे घरच्यांना संकोच वाटू नये हाही विचार होता. ईटन या इंग्लंडमधल्या उच्चभ्रू शाळेत शिकलेल्या आणि ब्रह्मदेशात पोलीस अधिकारी राहिलेल्या मुलाने आपण उपाशी होतो हे सांगणे त्या घराला जड गेले असते.

यातले सारे जसेच्या तसे घडलेले नाही. पुस्तकात आधी पॅरिस येते आणि मग लंडन. प्रत्यक्षात पॅरिसला जाण्यापूर्वीच त्यांनी जुने कपडे चढवून लंडनच्या बेघरांत वावरायला सुरुवात केली होती. वर्णन केलेले सगळे कधी ना कधी घडले आहे, पण त्याच क्रमाने नाही, असे त्यांनी फ्रेंच आवृत्तीच्या प्रस्तावनेत स्वतःच सांगितले. क्रम बदलल्याबद्दल माझी तक्रार नाही. मला खटकते ते हे, की त्या काळात त्यांची मावशी पॅरिसमध्येच राहत होती आणि पुस्तकात तिचा पत्ताच नाही. ज्याला परतायला दार आहे त्याची भूक खोटी नसते, परंतु त्या भुकेला शेवट आहे हे त्याला ठाऊक असते, आणि वाचकालाही ते ठाऊक असायला हवे होते.

तरीही लंडनचा भाग मला अधिक मोलाचा वाटतो, कारण तिथे ऑर्वेल स्वतःकडून इतरांकडे वळतात. बेघरांना एका रात्रीपुरता आसरा देणारी सरकारी ठिकाणे तेव्हा होती. तिथे येणारे त्यांना ‘स्पाइक’ म्हणत. आत शिरताना झडती, अनेकांनी वापरलेल्या पाण्यात आंघोळ, पाव आणि लोण्याऐवजी मार्गारीन, मग कुलूपबंद खोली. नियम असा होता की त्याच स्पाइकमध्ये महिन्याभरात पुन्हा येता येत नाही. आल्यास आठवडाभर डांबून ठेवले जाई. त्यामुळे आज इथे निजलेल्या माणसाला उद्या दुसऱ्या स्पाइकची वाट धरावीच लागे. लोक मात्र समजत, की ही भटकी वृत्ती यांच्या रक्तातच आहे. ऑर्वेल सांगतात की हा माणूस चालतो तो केवळ कायदा त्याला चालायला लावतो म्हणून, आणि हे सांगताना ते दयेचा आव आणत नाहीत, तर नियम आणि त्याचा परिणाम शेजारी शेजारी ठेवतात.

इथे मावशीचा मुद्दा माझ्यापुरता गळून पडतो. ऑर्वेल यांना घर होते, तरी तो नियम खरा होता, आणि ज्यांना परतायला दार नव्हते ती माणसे सकाळी स्पाइकमधून बाहेर पडून पुढच्या स्पाइककडे चालतच होती.