बाबांच्या बंदुकीचा परवाना माझ्या नावावर होताना

बाबा गेले तेव्हा मागे भातशेती होती, माडा-पोफळींची बाग होती आणि एक बंदूक होती. बारा बोअरची, एकनळी, शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची. तळकोकणात अशा बंदुका बऱ्याच घरांत आहेत, कुठे ठासणीची, कुठे काडतुसाची. भेटायला येणाऱ्यांपैकी काहींनी जमिनीचं काय करणार हे विचारायच्या आधी बंदूक कोणाच्या नावावर करणार ते विचारलं. आमच्याकडे बंदुकीला घराण्याचा मान समजतात, त्यामुळे ती भावाकडे जाणार हे सगळ्यांनी धरून चाललं होतं. भाऊ मुंबईत नोकरी करतो. शेती मी पाहते. रात्री रानडुकरं भातात शिरली की बाहेर पडावं लागतं ते मला.

परवाना माणसाच्या नावाचा असतो आणि तो माणूस गेला की संपतो. नंतर ती बंदूक घरात ठेवायचा अधिकार कोणालाच राहत नाही. वारसांनी विनाविलंब ती पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची असते. हे फार कमी लोकांना माहीत आहे. वडील जाऊन वर्षं लोटली तरी माळ्यावर गोणपाटात बंदूक गुंडाळून ठेवलेली घरं मला ठाऊक आहेत. त्यांना वाटतं, वडिलांचा परवाना होता म्हणजे झालं. पण शस्त्र अधिनियम, १९५९ प्रमाणे ते विनापरवाना शस्त्र ठरतं आणि त्याला तुरुंगवासाची शिक्षा आहे. आम्ही बाबांच्या बाराव्याआधीच बंदूक आणि उरलेली काडतुसं जमा केली. पावतीवर बंदुकीचा क्रमांक, बनावट, बोअर आणि काडतुसांची संख्या लिहून घेतली. पुढे प्रत्येक टेबलावर आधी तीच पावती मागितली गेली.

मग अर्ज. २०१६ च्या शस्त्र नियमांत वारसाला परवाना देण्याची तरतूद आहे, पण तो नव्यानेच मागावा लागतो, चौकशीही नव्याने होते. मृत्यूचा दाखला, वारस दाखला, सातबारा, आई आणि भावाचं ना-हरकत प्रतिज्ञापत्र, बाबांचा मूळ परवाना, माझं ओळखपत्र असे सगळे कागद जिल्हाधिकारी कार्यालयाच्या गृह शाखेत गेले. तिथून फाईल पोलिसांकडे. ठाण्यातून अंमलदार घरी आले, शेजाऱ्यांचे जबाब घेतले, माझ्यावर गुन्हा दाखल आहे का, घरात भांडणं-व्यसनं आहेत का हे विचारलं. शेजारच्या काकींनी मला बाजूला घेऊन विचारलं, "गो बाय, तुका बंदूक कित्याक व्हयी?" त्यांना काळजी वाटत होती आणि ती खरीच होती. एका कार्यालयात मात्र साहेबांनी फाईल न उघडताच सांगितलं की बाईमाणसाला हे झेपणार नाही, भावाला पाठवा. मी सातबारा पुढे केला, शेतकरी म्हणून माझं नाव दाखवलं आणि कायद्यात स्त्री-पुरुष असा फरक कुठे आहे ते विचारलं. त्यानंतर फाईल तिथे बराच काळ पडून राहिली. मी लेखी अर्ज करून पोच घेत गेले, तेव्हा कुठे ती हलली.

वैद्यकीय तपासणीत डोळे, कान, हात तपासले आणि मनाच्या स्थितीबद्दलही विचारलं. झोप लागते का, वडील गेल्यापासून कसं वाटतं, राग आवरतो का. असे प्रश्न मला याआधी कोणीही विचारले नव्हते. ज्या घरात बंदूक आहे तिथे ते दर काही वर्षांनी विचारले जावेत असं मला मनापासून वाटतं. कर्ज, दारू, घरातला तंटा यांच्या जोडीला भरलेली बंदूक हाताशी असली तर एका रात्रीत काय होतं, ते आमच्या भागाने पाहिलेलं आहे.

प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र ही मला निव्वळ औपचारिकता वाटेल असं अनेकांनी सांगितलं होतं. माझ्यासाठी तोच या सगळ्यातला सर्वांत मोलाचा भाग ठरला. प्रशिक्षकांनी पहिल्या सत्रात काडतूस हाती दिलंच नाही. बंदूक हातात घेतली की आधी ती उघडायची, रिकामी आहे हे माहीत असलं तरी नळीत डोळ्यांनी पाहायचं आणि बोट घालून खात्री करायची. दुसऱ्याच्या हातात द्यायची तर उघडूनच. तोंड कायम जमिनीकडे. नेम धरून बार काढायचं ठरेपर्यंत बोट चापाबाहेर, आडवं. यात एकदा कोणी चुकलं की ते अख्ख्या गटाकडून पुन्हा पहिल्यापासून करून घेत. पहिल्या बाराला दस्त्याचा असा धक्का बसला की खांदा दोन दिवस ठणकत होता. मग त्यांनी लक्ष्याचा कागद आणून दाखवला. छर्रे एका जागी नव्हते, पसरले होते. लक्ष्याच्या मागे, बाजूला काय आहे हे दिसत नसेल तर बार काढायचाच नाही, हे त्या कागदाने मला शिकवलं.

तळकोकणात अधूनमधून बातमी येते: रात्री शिकारीला गेलेल्यांपैकी एकाला सोबत्याची गोळी लागली. झुडपात हालचाल झाली, बॅटरीच्या झोतात काहीतरी चमकलं आणि डुक्कर समजून बार काढला. घरचा माणूस, शेजारचा पोर, भावकीतला कोणी. या बातम्यांना आपण अपघात म्हणतो, पण त्या प्रत्येक वेळी कोणीतरी न दिसणाऱ्या गोष्टीवर चाप ओढलेला असतो. शिवाय शेतीसंरक्षणाचा परवाना म्हणजे शिकारीची मुभा नव्हे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ लागू आहे. रानडुक्कर मारायचं तरी वनखात्याची परवानगी लागते. गवा, हत्ती यांच्याकडे तर बंदूक रोखायचीही नाही. नुकसान झालं की पंचनामा करून भरपाई मागायची. ती वेळेवर मिळत नाही ही आमची खरी तक्रार आहे, आणि तिचा निकाल बंदुकीने लागणार नाही.

परवाना हाती आला तेव्हा त्यावर माझा विशिष्ट ओळख क्रमांक होता, बंदुकीचा क्रमांक होता आणि काडतुसांची मर्यादा होती. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मुदत पाच वर्षांची झाली आहे. बंदूक पूर्वी माजघरात खुंटीवर टांगलेली असे, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशी. आता ती भिंतीत बोल्ट मारून बसवलेल्या लोखंडी कपाटात असते, नळी आणि दस्ता वेगळे करून. काडतुसं दुसऱ्या खोलीत, दुसऱ्या कुलपात. निवडणूक लागली आणि जमा करण्याची नोटीस आली की मी ठाण्यात नेऊन देते, पावती घेते. खंडेनवमीला पूजा करतो, पण बार काढत नाही. लग्नात तर प्रश्नच येत नाही. आनंदाच्या भरात लोकांचा जीव धोक्यात घालणाऱ्या गोळीबाराला त्याच दुरुस्तीने दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा ठेवल्या आहेत.

सगळ्यात अवघड गेलं ते नाही म्हणणं. "आजच्या रात्रीपुरती दे, उद्या सकाळी आणून देतो," असं म्हणत नात्यातली माणसं येतात. बाबांच्या वेळेस ती जात असे. मी देत नाही. एक-दोघांनी बोलणं टाकलं आहे. त्यातल्या एकाच्या शेतात डुकरं आली तेव्हा मी स्वतः जाऊन डबे वाजवले, फटाके लावले, रात्रभर राखण केली, बंदूक घरीच ठेवून. आता सौरकुंपणासाठी आम्ही पाच-सहा शेतकऱ्यांनी मिळून अर्ज केला आहे.

भाच्याला बंदुकीचं आकर्षण आहे. त्याला मी सांगून ठेवलंय की वयाची एकवीस वर्षं पूर्ण झाल्याशिवाय विषय काढायचा नाही आणि त्यानंतरही आधी प्रशिक्षण. पुढे शेती करणारं कोणी राहिलं नाही, तर बंदूक परवानाधारक विक्रेत्याकडे द्यावी, असं मी भावाला लिहून दिलं आहे. ते त्याला पटलं. आईने मात्र अजून मान डोलावलेली नाही, बाबांची वस्तू घराबाहेर जावी असं तिला वाटत नाही.