हॉटस्पॉटचं बिल आणि नानांची जन्मतारीख

गौरी विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी नानांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, मोबाइलचं बिल आलं. 1,532 रुपये 82 पैसे. एरवी 470 रुपये 82 पैसे येतं, 399 चा प्लॅन आणि वर 18 टक्के जीएसटी. नाना दिवसाला दोन फोन करतात आणि सकाळी विठ्ठलाचे फोटो पुढे पाठवतात. एवढ्यात हजार रुपये कसे वाढले?

कारण मला लगेच कळलं होतं, ते आधीच कबूल करते. 2024 च्या ऑगस्टअखेरीस बडोद्यात विश्वामित्रीला पूर आला. दांडिया बाजारातल्या आमच्या घरात पाणी शिरलं नाही, पण ब्रॉडबँड गेलं ते दहा दिवस आलंच नाही. समा भागात तळमजल्यावर राहणाऱ्या जाऊबाई मुलांसकट आमच्याकडे आल्या. माझा प्रीपेड दीड जीबी दुपारपर्यंत उडायचा, नानांचा पोस्टपेड मात्र महिन्याला 40 जीबीचा. तो फोन देव्हाऱ्याशेजारच्या खिडकीत ठेवला, हॉटस्पॉट चालू केला आणि सहा माणसं त्यावर जगली. फोन इतका तापायचा की मी खाली ओला रुमाल ठेवायचे. (तसं करू नका, बॅटरी फुगते म्हणतात.)

बिलावर ‘जादा वापर, 45 जीबी’ एवढीच ओळ होती. 45 गुणिले 20 म्हणजे 900, जीएसटी धरून 1,062. मी जवळच्या स्टोअरमध्ये गेले. काउंटरवरचा मुलगा स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाला, “हॉटस्पॉटनो चार्ज छे, आंटी.”

माझी सटकली ती इथेच. हॉटस्पॉटला वेगळा आकार आहे हे प्लॅनमध्ये कुठे लिहिलंय, म्हटलं दाखव. त्याला दाखवता येईना. नव्हतंच ते. घरी येऊन प्लॅनच्या अटी दोनदा वाचल्या. फोनवर वापरा नाहीतर हॉटस्पॉटवरून द्या, डेटा एकाच कोट्यातून जातो, आणि 40 च्या वर गेलं की जीबीमागे 20 रुपये. म्हणजे आकार जादा डेटाचा होता, हॉटस्पॉटचा नव्हता. पैसे तेवढेच, पण तक्रारीत कुठला शब्द लिहिता यावर सगळं ठरतं. ‘हॉटस्पॉट चार्ज रद्द करा’ लिहिलं असतं तर ‘असा चार्ज लावलेलाच नाही’ असं उत्तर येऊन फाइल बंद झाली असती.

न्यू जर्सीतल्या भाच्याला विचारलं, तर त्याला या विषयाचं व्यसनच निघालं. तिकडे हॉटस्पॉटचे खरोखर वेगळे पैसे घेत. व्हेरायझन ही तिकडची मोबाइल कंपनी महिन्याला 20 डॉलर घ्यायची, आणि हॉटस्पॉटची ॲप्स अडवल्याच्या प्रकरणात 2012 मध्ये तिने सरकारला साडेबारा लाख डॉलर भरून मामला मिटवला. कंपनीला कळतं कसं, तर डेटाच्या प्रत्येक पाकिटावर टीटीएल नावाचा आकडा असतो. अँड्रॉइड फोनमधून निघताना तो 64 असतो, विंडोज लॅपटॉपमधून 128. मध्ये दुसरं यंत्र आलं की एकाने घटतो. 63 किंवा 127 दिसला की हे पाकीट कुणाच्या तरी खांद्यावर बसून आलंय, हे कळतं. मला त्याचा उपयोग शून्य होता, पण ऐकायला मजा आली.

माझा मुद्दा ठरला: डेटा निम्मा संपल्यावर आणि पूर्ण संपल्यावर मेसेज यायला हवा, असा ट्रायचा, म्हणजे दूरसंचार नियामकाचा, नियम आहे. नानांच्या फोनमध्ये निम्म्याचा मेसेज सापडला. पूर्ण संपल्याचा नाही. तो वेळेवर आला असता तर मी हॉटस्पॉट त्याच क्षणी बंद केला असता.

तक्रार नोंदवायचा नंबर 198, तो लागला लगेच. आणि तिथून पुढे तीन आठवडे मी एकाच जागी उभी होते.

“खातेदारांशी बोलणं करून द्या,” पलीकडची बाई म्हणाली. खातेदार नाना, वय 81, डाव्या कानात मशीन. स्पीकरवर टाकलं.

“सर, आपकी जन्मतिथि?”

नाना ताठ बसले. “आषाढी एकादशी.”

पलीकडे शांतता. मग तिने पुन्हा विचारलं. नानांनी शकही सांगितला, 1865. मी हळूच म्हटलं, नाना, तारीख, इंग्रजी. त्यांनी जुलैतली तारीख सांगितली, खरीच सांगितली. “सॉरी, मॅच नहीं हो रहा.” फोन बंद.

त्या पिढीतल्या अनेकांची असते तशी नानांची शाळेतली जन्मतारीख 1 जून, मास्तरांनी घातलेली. आधारवर, पेन्शनवर सगळीकडे 1 जून. दुसऱ्या दिवशी नानांना पढवलं, नाना, आज तुम्ही 1 जूनला जन्मलात. ते म्हणाले, खोटं कशाला सांगू? अर्धा तास गेला तेव्हा कुठे तयार झाले. 1 जूनही चालेना! तिसऱ्यांदा फोन केला तेव्हा बाईने दया येऊन एवढंच सांगितलं की रेकॉर्डवरची तारीख वेगळी आहे, स्टोअरमध्ये जाऊन दुरुस्त करा. पुढे कळलं, सिम घेताना दुकानदाराने फॉर्मवर 1 जानेवारी ठोकून दिली होती. म्हणजे या माणसाचे तीन वाढदिवस, आणि कंपनी फक्त तो तिसरा मानते, जो त्यांना स्वतःलाच ठाऊक नाही.

पितृपक्ष चालू होता, नानांना घराबाहेर काढणं सोपं नव्हतं. रिक्षा केली. टोकन 47, चालू होतं 19. गरब्याच्या पाससाठी कसली तरी ऑफर होती, त्या पोरांची गर्दी. आमची पाळी आली तेव्हा तोच मुलगा. “काका, अंगूठो मूको ने.” नानांनी अंगठा ठेवला. लाल दिवा. पुन्हा, लाल. आयुष्यभर छापखान्यात खिळे जुळवलेली बोटं ती, रेषा कधीच गेलेल्या. दहाही बोटं झाली. मी पर्समधला हँडक्रीम लावून पाहिला, मुलाने ओलं फडकं दिलं. शेवटी उजव्या हाताच्या करंगळीला हिरवा दिवा लागला आणि रांगेतल्या दोन पोरांनी टाळ्या वाजवल्या. नाना ओशाळले. मला मात्र त्या मुलाचा पहिल्यांदाच राग आला नाही.

त्यानंतर 198 वर डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा क्रमांक, मिळाला. तो कागदावर लिहून ठेवा, मेसेजवर विसंबू नका. आमच्या खात्याला पर्यायी नंबर म्हणून नाशिकच्या नणंदेचा जुना नंबर होता, मेसेज तिकडे जात होते. तो नंबर आधी बदलून घ्या, हे मी खरं तर सुरुवातीलाच सांगायला हवं होतं. चौथ्या दिवशी तक्रार ‘सोडवून’ बंद झाली. काय सोडवलं, देव जाणे.

मी ट्रायला लिहायला बसले होते, पण ट्राय एकेकट्या ग्राहकाच्या तक्रारी हाताळत नाही. कंपनीतच वरची पायरी असते, अपील प्राधिकारी. अपीलला पैसे लागत नाहीत, मुदत 30 दिवसांची, आणि त्यांनी 39 दिवसांत निकाल द्यायचा असतो. दसरा झाल्यावर ईमेल केला: डॉकेट नंबर, बिल, नानांच्या मेसेजचे स्क्रीनशॉट, सहा ओळींचा मजकूर. ‘हॉटस्पॉट’ हा शब्द मुद्दाम एकदाही लिहिला नाही. छत्तिसाव्या दिवशी उत्तर आलं. निम्मी रक्कम, 531 रुपये, सदिच्छा म्हणून पुढच्या बिलात वजा करू. चूक कबूल केलेली नाही. मी मान्य केलं. रिक्षाभाडं मोजायचं नाही असं ठरवलंय.

प्रीपेडवाल्यांनाही मागितल्यास मागच्या सहा महिन्यांपर्यंतचा वापराचा तपशील मिळतो, जास्तीत जास्त 50 रुपयांत. हे मला नंतर समजलं.

45 जीबी गेले कुठे, हे मी शोधून काढलं. हॉटस्पॉटला जोडलेला फोन त्याला पुष्कळदा वाय-फायच समजतो. ‘फक्त वाय-फायवर बॅकअप’ ही सोय मग हॉटस्पॉटवरही जोरात चालते. जाऊबाईंच्या फोनने पुराचे सगळे व्हिडिओ आमच्या खिडकीतून वर चढवले होते, आणि माझ्या लॅपटॉपने विंडोजचं एक अख्खं अपडेट ओढलं होतं. आता लॅपटॉपवर त्या जोडणीला ‘मीटर्ड कनेक्शन’, म्हणजे डेटा मोजून वापरायची जोडणी, करून ठेवलंय, आणि नानांच्या फोनवर 35 जीबीची मर्यादा.

जाऊबाईंना बॅकअपचं सांगितलेलं नाही. त्यांचा सोफा, फ्रिज, सगळं पाण्यात गेलं. ते व्हिडिओ विम्याच्या माणसाला दाखवायला उपयोगी पडले.